पेंटरचा मजकूर

पेंटरच्या थोरल्या मुलीनं वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न म्हणजे काय, सकाळी कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या, बाहेर येऊन सगळ्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला, आणि संध्याकाळी नवा जावई एक बॅग आणि एक झाकलेली टोपली घेऊन वरच्या खोलीत राहायला आला. पेंटरच्या बायकोला वाटलं, माणूस रिकाम्या हातानं आला नाही, फळं आणलीत. तिनं टोपली उचलून स्वयंपाकघरात ओट्याखाली गारव्याला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखालून एकदम तीन बेल वाजायला लागल्या तेव्हा ती चहाचं भांडं तसंच टाकून बाहेर पळाली. टोपलीत जुने फोन होते. कुणाची काच तडकलेली, कुणाची पाठ उघडी, पण आत धुगधुगी असलेले. “जावईबापू, संसाराला आलात की दुकान मांडायला?” असं तिनं विचारलं, आणि जावई इतका लाजला की थोरलीला मध्ये पडावं लागलं. तो दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि उरलेल्या वेळात लोकांनी टाकून दिलेले फोन पुन्हा चालते करायचा. पेंटरला माणूस वाईट वाटला नव्हता, पण त्याच्याशी बोलायचं काय हे काही केल्या सुचत नव्हतं. जावयाचंही तेच. ‘बाबा’ म्हणण्याआधी तो दर वेळी अडखळायचा, जणू शब्द दुसऱ्याच्या मालकीचा आहे आणि वापरून झाला की जागच्या जागी ठेवायचा आहे.

लग्नाला दोन-तीन महिने होऊन गेल्यावर एका सकाळी पेंटर जिन्याच्या वरच्या पायरीवर ऊन खात बसला होता. हातात फोन होता, आणि फोनच्या पडद्यावर एक पाटी आली. पडद्यावर जे काही लिहून येई त्याला पेंटर पाटीच म्हणे. ओठ हलवत, बोट अक्षरांखाली धरून त्यानं वाचलं: ‘आपले उपकरण जुने झाले आहे. यापुढे त्यास कोणतीही सुधारणा मिळणार नाही.’ खाली एकच बटण होतं, ‘ठीक आहे’. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. उपकरण म्हणजे काय ते त्याला दोनदा वाचूनही लागलं नाही, पण ‘जुने झाले आहे’ हे पहिल्याच फटक्यात लागलं. छातीत काहीतरी सरकलं. दुखलं नाही, शिडी भिंतीला टेकवलेली असताना तिचा एक पाय बोटभर घसरावा आणि वर उभ्या माणसाला ते आधी तळपायात कळावं, तसं. त्यानं बटण दाबलं. पाटी गेली. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते, ते वाऱ्यानं फुगले, पुन्हा पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी परत आली, तिसऱ्या दिवशीही आली, आणि प्रत्येक वेळी पेंटरला आपल्याच तोंडानं ‘ठीक आहे’ म्हणावं लागलं. अक्षरं येत नव्हती तोवर असलं कुणी त्याला तोंडावर बोललं नव्हतं. लहानपणापासून वाचणाऱ्या माणसांना सवय असते. त्यांना रोज कुठेतरी काहीतरी लिहिलेलं दिसतं आणि त्यातलं निम्मं ती अंगाला लावून घेत नाहीत. पेंटर एकसष्टाव्या वर्षी वाचायला लागलेला. जे लिहिलेलं दिसेल ते आपल्यालाच उद्देशून आहे असं त्याला अजून वाटे. ‘ढकला’ लिहिलेलं दार तो लगेच ढकलायचा, आत काही काम नसलं तरी.

आणि गंमत अशी की त्याआधीची चाळीस वर्षं त्याचा धंदाच अक्षरांचा होता. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून आणायचं, पेंटर त्या कागदावर बारीक चौकटी आखायचा, तशाच मोठ्या चौकटी पत्र्यावर, आणि एकेका चौकटीतला आकार उचलून पलीकडे ठेवायचा. क म्हणजे त्याला क नव्हता, मधल्या दांडीला दोन्हीकडून कान लावलेला एक आकार होता. श खोडकर, त्याच्या वळणाला ब्रश बोटांत पिळून घ्यावा लागे. वरची रेघ मात्र तो एका श्वासात ओढायचा, आणि ओढून झाली की खालची सगळी अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकल्यावर त्याला जे समाधान वाटायचं, ते वाचता येणाऱ्याला कधी वाटत असेल का याची त्याला शंकाच होती. एकदा कागदावर पडलेला चहाचा थेंबही त्यानं इमानानं पत्र्यावर उतरवला, आणि ते दुकान पुढं कित्येक वर्षं त्या थेंबासकट चाललं. मग शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, पलंग खिडकीशी, आणि खिडकीसमोर, पलीकडच्या इमारतीवर, त्याच्याच हातची एक पाटी. आयुष्यात रंगवलेल्या पाट्यांत त्याला सर्वांत लाडकी. दोन रंगांत सावली दिलेली, वळणं अशी की बघत राहावं. बायको म्हणाली, “आडवे पडलाच आहात तर वाचायला शिका. समोर फळा आहे, आणि अक्षर तुमचंच आहे.” एकेक अक्षर करत करत ती पाटी पूर्ण लागली तेव्हा तिच्यावर लिहिलं होतं, ‘मूळव्याध व भगंदर. विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.’ बायको तोंडावर उशी दाबून हसत होती, पेंटर हसला की मांडी दुखायची, मांडी दुखली की दोघांना आणखी हसू यायचं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, तिथं कुणाचं तरी सुंदर नाव असणार.

प्लास्टर निघाल्यावर तो काठी टेकत गावभर आपलीच अक्षरं वाचत हिंडला. काय ते दिवस होते! कोपऱ्यावर वळलं की एक पाटी, आणि पाटी नुसती ओळखीची नाही, आता बोलणारी. ‘गाडी लावू नये.’ ‘गवतावर चालू नये.’ ‘विचारल्याशिवाय हात लावू नये.’ चाळीस वर्षं आपण गावाला काय काय करू नका ते सांगत आलो आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे कळल्यावर तो रस्त्यातच थांबून हसला, तेव्हा एका बाईनं त्याला बरं वाटतंय ना असं विचारलं. फार बरं वाटत होतं. तरी त्या आनंदात दाताखाली येणारा एक बारीक खडा होता. हात आपला, रंग आपला, मेहनत आपली, मजकूर दुसऱ्याचा. इतक्या अक्षरांत आपलं असं एकही नाही. हा खडा तो गिळून टाकायचा, पुढच्या पाटीकडे चालू लागायचा.

“अहो, काय झालंय त्या फोनला?” चौथ्या की पाचव्या सकाळी बायकोनं विचारलं. “असं बघताय त्याच्याकडे, जसा काय डॉक्टरनं रिपोर्ट दिलाय.”

“मी जुना झालो म्हणतंय.”

“ते सांगायला फोन कशाला हवा? मला विचारायचं.”

जावई कामावर जायला जिना उतरत होता. तो थांबला. “बा... बाबा, मी बघू?” त्यानं फोन उलटासुलटा केला, पाटी वाचली, आणि त्याच्या चेहऱ्यावर पेंटरनं कधी न पाहिलेला राग दिसला. “फोन धडधाकट आहे. कंपनीला आता त्याच्यात रस उरला नाही, एवढंच.” आणि मग या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तो सलग बोलला. फोनच्या आत जे सगळं हलवतं, बेल वाजवतं, अक्षरं दाखवतं, बोट टेकलं की पान उलटतं, ती यंत्रणा कंपनीची असते, कुलूपबंद असते, आणि कंपनी म्हणेल तोवरच तिची निगा राहते. पण तशीच एक दुसरी आहे, मोकळीक नावाची. ती कुणा एकाची नाही. गावोगावच्या माणसांनी आपापल्या सवडीनं मिळून केलीय, आणि कशी केलीय ते सगळं उघडं ठेवलंय. कुणीही बघावं, घ्यावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं. असला टाकून दिलेला फोनही तिच्यावर आणखी चारपाच वर्षं आरामात पळतो.

“आणि बिघडलं तर धरायचं कुणाला?” बायकोनं विचारलं.

“मला,” जावई म्हणाला, आणि पुन्हा कानापर्यंत लाल झाला. “रविवारी याल माझ्याबरोबर?”

खोली सायकलच्या दुकानाच्या वर होती. रबराचा आणि तेलाचा वास जिन्यापासूनच यायचा, खालून मधूनच पंप मारल्याचा सुस्कारा ऐकू यायचा. लांब टेबल, वायरींचा गुंता, आठदहा माणसं, आणि सगळ्यांच्या मानेला एकाच जागी बाक. मुख्य असं कुणी नव्हतं, पण अडलं की सगळे जिच्याकडे बघत ती एक नर्स होती, आणि तिला इथंही सगळे सिस्टरच म्हणत. एक बेकरीवाला होता, त्याच्या बाहीवर पीठ. एक शाळामास्तर होते. सिस्टरनी पेंटरचा फोन नाडी बघावी तसा दोन बोटांत धरला. “पेंटर, यातलं सगळं पुसलं जाणार. फोटो, नंबर बाजूला काढलेत?” “जावयानं काढलेत.” “मग मिटा डोळे.” पेंटरनं खरंच मिटले, आणि टेबलाभोवती हशा पिकला, तसा तोही हसला. डोळे उघडले तेव्हा पडदा काळा होता. तो काळेपणा त्याला ओळखीचा वाटला. जुनी पाटी घासून घासून, तिच्यावरची दुकानं आणि दवाखाने उतरवून, पत्रा पुन्हा कोरा झाला की त्याच्यावर तळहात फिरवायला त्याला फार आवडायचं. नवं गिऱ्हाईक यायच्या आधीची ती दुपार, पत्रा कुणाचाच नसलेला. मग पडद्यावर निळसर उजेड आला आणि चार ओळी उमटल्या. ‘मोकळीक ही सामुदायिक सहभागातून विकसित झालेली मुक्त कार्यप्रणाली असून’ इथपर्यंत पेंटर बोट सरकवत पोचला आणि तिथंच त्याचं घोडं अडलं.

“कळलं का काही?” सिस्टरनी विचारलं.

“असून कळलं.”

“झालं! वर्षभर मी हेच सांगतोय,” बेकरीवाला मास्तरांकडे बघून म्हणाला. मास्तर मान खाली घालून हसत होते. त्या ओळी त्यांच्या होत्या. मग सिस्टरनी पेंटरला तिथला रिवाज सांगितला. मोकळीक दर वर्षी नव्यानं बाहेर पडते, आणि तिच्या पहिल्या पडद्यावर तिची ओळख असते. ती ओळख त्या वर्षी गटात सर्वांत शेवटी आलेल्या माणसानं लिहायची. जुन्या माणसांना सगळं येत असतं, त्यामुळं न येणाऱ्याला काय वाटतं ते त्यांना आठवत नाही. गेल्या वर्षी मास्तर शेवटचे होते. “यंदा तुमच्यामागून कुणी आलेलं नाही,” सिस्टर म्हणाल्या, “आणि महिनाअखेरच्या रविवारी नवी आवृत्ती निघतेय. चार ओळी, वाचल्यावर माणसाला आत यावंसं वाटलं पाहिजे.” पेंटरनं जावयाकडे पाहिलं. जावई टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधत होता.

पुढच्या रविवारी पेंटर मजकूर घेऊन आला. घेऊन आला म्हणजे बगलेत पत्रा मारून, बसमध्ये दोन माणसांची माफी मागत. तीन रंग, सावली, कडेला वेलबुट्टी, वरची रेघ अशी की दोरा लावून बघावं. पत्रा टेबलावर ठेवल्यावर सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मग मास्तरांनी मोठ्यानं वाचलं: ‘एकदा वापरून खात्री करा! तत्पर व विनम्र सेवा. आमची कोठेही शाखा नाही.’ पहिल्यांदा बेकरीवाला फुटला. मग सगळेच. सिस्टरनी चष्मा काढून डोळे पुसले. “अहो पेंटर, आपल्या शाखांचा तर सुळसुळाट आहे! ज्याचं आपल्याशी पटत नाही तो मोकळीक उचलतो आणि आपली निराळी शाखा काढतो. निम्म्यांचा तर आपल्यालाही पत्ता नाही.” “आणि तत्पर सेवा?” बेकरीवाला म्हणाला, “मी मागच्या उन्हाळ्यात एक शंका विचारलीय, अजून उत्तराची वाट बघतोय.” पेंटरही हसला, अगदी पोट धरून हसला, विनोद फक्कड होता आणि तो आपल्या हातून झाला याची त्याला जरा ऐटही वाटली. पत्रा तिथंच भिंतीवर टांगला गेला. “आता दुसरं लिहा,” सिस्टर म्हणाल्या, “आपल्या शब्दांत लिहा. आणि नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नका, मास्तरांचं आहेच.” परत येताना बसच्या खिडकीतून त्याला आपल्याच हातच्या दोन पाट्या दिसल्या. एकीवर खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘आमची कोठेही शाखा नाही.’ तेव्हा तो खडा दाताखाली आला, आणि या वेळी गिळता येईना.

आपल्या शब्दांत. म्हणजे कुठल्या? पुढचे दिवस पेंटर आपल्याच आत हिंडत राहिला, जसा अंधाऱ्या गोदामात माणूस हात पुढं करून हिंडतो. काही हाताला लागलं की उजेडात आणून बघायचा, तर ती पाटी निघायची. ‘सुस्वागतम’, पाटी. ‘विश्वासाचे एकमेव ठिकाण’, सोनाराची पाटी. आंघोळ करताना एक फार सुंदर वाक्य सुचलं, तो ओल्या अंगानं बाहेर आला, आणि बायको म्हणाली, “हे त्या ड्रायक्लीनरचं आहे.” अडुसष्ट वर्षांत आपण काय काय बोललो असू? बोललो तर खूप. लग्नाआधी बायकोला बघायला गेला तेव्हा बोलणं काकांनी केलं. मुलींची नावं आजीनं सुचवली. शिडीवर चढलं की माणूस बोलत नाही, तोंडात ब्रश असतो. बाप गेला तेव्हा लोक जे म्हणतात तेच तोही म्हणाला होता. मग आपल्या आत खरंच कुणाचा आवाज नाही की काय, नुसता कोरा पत्रा, गिऱ्हाइकाची वाट बघत असलेला? ही शंका आली तेव्हा तो बाजारात होता, हातात पिशवी, आणि भाजीवाली विचारत होती, “देऊ का?” त्याला काय द्यायचं ते आठवेना. पण गंमत म्हणजे या सगळ्या धास्तीतही एक मजा होती. त्याचे कान टवकारलेले राहू लागले. लोक बोलतात ते त्याला पहिल्यांदाच ऐकू यायला लागलं. न्हाव्याचं ‘मान खाली’, कंडक्टरचं ‘आत चला, आत जागा आहे’, शेजारणीचं फोनवर दर वाक्यानंतर ‘अगं ऐक ना’. सगळं गाव बडबडत होतं, आणि त्यातलं काहीही पत्र्यावर लिहिलेलं नव्हतं. रोज सकाळी तो एक नवा आवाज घरी आणायचा आणि बायकोला नक्कल करून दाखवायचा. ती म्हणायची, “चार ओळी लिहायला दिल्यात तर तुम्ही असे झालात. पुस्तक दिलं असतं तर?”

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला तरी पत्रा कोराच होता. हाताला चैन पडेना म्हणून एका दुपारी त्यानं जिन्याचा कठडा रंगवायला घेतला. पायऱ्यांवर रंग सांडला, वर ऊन, तळव्यांना टर्पेंटाइनचा ओळखीचा चावरा गारवा. मागं पावलं वाजली. मान न वळवता तो म्हणाला, “डाव्या बाजूनं या, उजवीकडे ओलं आहे.” “बरं, बाबा,” जावई म्हणाला आणि डाव्या बाजूनं वर निघून गेला. अडखळला नाही. पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. हे वाक्य इथंच, याच पायऱ्यांवर, कुणालातरी आधी म्हटलेलं होतं. ऊन असंच होतं. कठडा तेव्हा हिरवा. थोरली पहिल्या घरातून कायमची निघून आली ती दुपार. कुणाला कळवलेलं नाही, हातात बॅग, चेहरा असा की बघवेना. आणि त्यानं बॅगेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पायरीचं सांगितलं. पुढं कितीतरी वर्षं ती दुपार आठवली की त्याला वाटायचं, बापानं काहीतरी बोलायला हवं होतं. कुठल्याही बापाला काहीतरी सुचलं असतं. तो ब्रश डब्यावर आडवा ठेवून उठला, गुडघा धरत वर गेला. थोरली खिडकीत बसून बटण लावत होती.

“तू त्या दिवशी बॅग घेऊन आलीस,” तो म्हणाला, “तेव्हा मी काहीच बोललो नाही, नाही का गं?”

“बोललात की. डाव्या बाजूनं ये म्हणालात.”

“ते नव्हे. तसलं बोलणं नव्हे.”

“बाबा, मी बसमध्ये सगळी उत्तरं पाठ करत आले होते. का आलीस, लोक काय म्हणतील, आता पुढं काय. आणि तुम्ही सांगितलंत, कठडा ओला आहे, आई आत आहे.” तिनं दोरा दातानं तोडला. “मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, घरात शिरायला अडचण फक्त रंगाची आहे.” आणि ती हसायला लागली, तशी ती लहानपणी हसायची, खांदे हलवून. पेंटर दारातच उभा राहिला. अंगभर काहीतरी सैल होत होतं. एक वाक्य होतं तर. गिऱ्हाइकाचं नाही, काकांचं नाही, कुठल्या पत्र्यावरचं नाही. त्यानं ते म्हटलं होतं आणि एक माणूस त्या वाक्यावरून चालत आत आलं होतं. आता ते कसं असतं याचा वास लागला म्हटल्यावर बाकीची आपोआप आली; ब्रश धुवायच्या आत आली, आणि पत्र्यावर नाही, त्यानं ती सरळ फोनमध्ये एका बोटानं लिहिली, पडद्यावर पांढऱ्या रंगाचे ठसे उमटवत:

‘या. आत काम चालू आहे. काही ठिकाणी रंग ओला असेल, हाताला लागला तर पुसता येतो. कुठलंही कपाट उघडून बघा, मांडणी पटली नाही तर बदला. अडलं तर हाक मारा. इथं सगळे कधी ना कधी अडलेलेच आहेत.’

रिवाज असाही होता की लिहिलेलं आधी सगळ्यांपुढं मांडायचं, गावोगावी जिथं जिथं मोकळीक करणारी माणसं होती त्या सगळ्यांपुढं, आणि कुणालाही दुरुस्ती सुचवायची मुभा. सिस्टर आणि मास्तरांनी होकार दिला. मास्तरांनी तर नुसतं ‘अरे वा’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खाली एक शेरा आला. कुणी एक बाई, गाव कुठलं कुणास ठाऊक. ‘सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतात, फोनला रंग कुठून आला? ते वाक्य काढून टाकू का?’ पेंटरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ओल्या पाटीला बोट लावणारे त्यानं आयुष्यभर बघितले होते, त्यांच्यावर शिडीवरून ओरडलाही होता. “काढून टाकू का म्हणे! कोण ही? कोण हिच्या सासूबाई?” तो जावयावर ओरडला. “बाबा, तिलाच विचारा ना,” जावई म्हणाला. “ती ऐकतेय.” हे पेंटरच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पाटीवरून आजवर कुणी उलट बोललं नव्हतं. पाटी टांगायची, शिडी उचलायची, घरी जायचं. वाचणाऱ्याचं पुढं काय होतं ते रंगवणाऱ्याला कधी कळत नाही. सकाळभर खपून त्यानं उत्तर लिहिलं: ‘रंग म्हणजे काम. अजून पूर्ण व्हायचंय असं. आम्ही घर रंगवताना तसं सांगतो.’ लगेच उत्तर: ‘सासूबाई म्हणतात, असं होय, मग राहू दे. पण लागला तर खरंच पुसता येतो का? त्यांना फोनला हात लावायची भीती वाटते.’ ‘शंभर टक्के येतो. हे बघा माझे हात,’ असं लिहून पेंटरनं आपल्या दोन्ही पंजांचा फोटो थोरलीकडून काढवून पाठवून दिला. गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्या पंजांच्या रेघारेघांत चाळीस वर्षांचा रंग बसलेला आहे आणि तो कशानंही पुसला गेलेला नाही.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. पेंटर जिन्यावर येरझाऱ्या घालत राहिला, आणि बायको म्हणाली, बाळंतपणाच्या वेळीही तुम्ही एवढे फिरला नव्हता. मग आलं. ‘सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या, पाणी द्यावं लागलं. त्या म्हणतात, पुसता येतो हे खोटं आहे, पण हात चांगले आहेत. त्याऐवजी ‘लागला तर बिघडत नाही’ असं लिहा.’ पेंटरनं ते ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. कुठल्याशा गावात, कुठल्याशा खोलीत, त्याच्याच वयाची कुणी एक बाई, जिला त्यानं पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हता, त्याच्या वाक्यात शिरून त्यातली नेमकी खोटी जागा बोटानं दाखवून मोकळी झाली होती. बिघडत नाही. बरोबर आहे. त्याला तेच म्हणायचं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं जुने शब्द खोडले आणि तिचे लिहिले, आणि मजकुराखाली नाव लिहायची जागा होती तिथं ‘पेंटर आणि एक सासूबाई’ असं घातलं. संध्याकाळी त्याला कळेना, आपल्याला इतका आनंद कशाचा झालाय. चार ओळींतलं मधलं एक वाक्य तर दुसऱ्याचं निघालं. पण त्यात खडा नव्हता. तो मुद्दाम जीभ फिरवून बघत होता.

महिनाअखेरच्या रविवारी खोलीत बसायला जागा नव्हती. बायको आली, थोरली आली, खालचा सायकलवाला हात पुसत वर आला. टेबलावर सगळ्यांचे फोन ओळीनं मांडलेले, मोठे, छोटे, तडकलेले, आणि सिस्टरनी ‘हं’ म्हटल्यावर एकेक पडदा उजळत गेला. पेंटर वाकून एकेक बघू लागला. प्रत्येक फोनवर त्याच्या ओळी निराळ्या ठिकाणी तुटल्या होत्या. इथं ‘रंग’ वर आणि ‘ओला’ खाली, तिथं ‘या’ एकटाच ओळीवर बसलेला. पत्र्यावर असं झालं असतं तर त्यानं रात्रीतून पुसून काढलं असतं. तेवढ्यात सिस्टरनी आपल्या फोनवर दोन बोटं ताणली. त्यांना बारीक दिसत नसे. अक्षरं फुगली, आणि फुगता फुगता एकमेकांना जागा करून देत खाली सरकत गेली, एकही न सांडता, गर्दीच्या बसमध्ये माणसं सरकून घेतात तशी. पेंटरनं हात पुढं केला. त्यानंही ताणून बघितलं. लहान केलं, मोठं केलं, पुन्हा लहान केलं. “अहो, खेळताय काय,” असं म्हणत बायकोनं फोन हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, ‘या’पासून ‘अडलेलेच आहेत’पर्यंत. खाली कुणीतरी पंप मारत होतं, तेवढाच आवाज. वाचून झाल्यावर तिनं पेंटरकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

“हे लिहिलेलं नाहीच,” ती म्हणाली. “हे तुम्ही बोलताय.”

पेंटरनं बेकरीवाल्यानं पुढं केलेल्या बशीतली दोन बिस्किटं एकदम तोंडात घातली, आणि मग कुणीही विचारलं तरी नुसती मान हलवत राहिला. त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत गावोगावच्या किती जुन्या फोनांवर ती ओळख उजळली ते सिस्टरनी सांगितलं, पण आकडा त्याच्या लक्षात राहिला नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की सासूबाईंनी मोकळीक घातलेला आपला जुना फोन स्वतः चालू केला, आणि पहिला फोन सुनेला लावला, शेजारच्या खोलीतून.

पुढच्या वर्षी रिवाजाप्रमाणं ओळख बदलली. ती एका नव्यानं आलेल्या शिंप्यानं लिहिली आणि पेंटरनं तिच्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्यातली एक घेतली गेली. त्यानंतर तो जवळजवळ प्रत्येक रविवारी त्या खोलीत असायचा.

पेंटर त्या ओळी लिहिल्यापासून चार वर्षांनी, थंडी सरत आली असताना, एका गुरुवारी सकाळी चहा घेऊन झाल्यावर वारला. त्याला बहात्तरावं लागलं होतं. ज्या बाईंना तो सासूबाई म्हणायचा त्या त्याच वर्षी, त्याच्या दीड महिना आधी गेल्या.